समुद्राचं माप

सांतान फर्नांडिस टेलर. वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरताना डावीकडे.
पाटीवरचा ‘टे’ वाऱ्याने नेला,
तेव्हापासून आम्ही नुसतेच ‘लर’.
मी तिथे काजं करते. नऊ वर्षं झाली.

जानेवारीत दुकानात दोन ढीग.
एकात आजगावच्या नवरीचा पांढरा झगा,
दुसऱ्यात दशावताराची मखमल, घामाने आंबलेली,
राजाचा अंगरखा, ज्याची काख
आजवर चार राजांनी उसवलीय.
सांतान दोन्ही एकाच सुईने शिवतो.
म्हणतो, सुई काय पाद्रीला विचारून कापडात शिरते?

तर एका दुपारी पुरसू केरकर आला.
बावीस वर्षं त्याने बायकाच केल्या,
त्याच्या ब्लाउजचं माप आम्हाला तोंडपाठ.
“सांतान, यंदा माका समुद्र दिल्यानी.
रामासमोर हात जोडून उभो रवतलंय.
कपडे शीव.”

सांतानने गळ्यातली टेप काढली, परत गळ्यात घातली.
“छातीक चुणी ठेवू की सपाट?”

पुरसूने आपली नखं बघितली.
काल रात्रीची मंदोदरी अजून लाल होती तिथे.
“भरतीक बाई,” तो म्हणाला,
“सुकतेक बाप्यो.”

आठ दिवस टेबलावर कापड नुसतं पडून.
निळं साटीन आणलं, ते शाळेच्या गॅदरिंगमधली नदी निघालं.
चमकी लावली, तर मांडवाचा पडदा.
मी कॅलेंडरवरचा वरुण दाखवला, मगरीवर बसलेला.
सांतान म्हणाला,
हा समुद्र कधी भिजलेलाच नाही.

नवव्या दिवशी दुकान माझ्यावर टाकून
तो टेप घेऊन नवाबागेला गेला, ओहोटीच्या वेळी.
लोक हसले. हसू देत.
परत आला तेव्हा विजेच्या बिलामागे
पेन्सिलीने काढलेली वाळू होती:
पाणी मागे सरताना पडलेल्या चुण्या,
एक मोठी, तीन बारीक, मग एक मोडलेली.
“ही मोडलेली विसरू नको,” मला म्हणाला,
“तीच खरी.”
खिशात बांगड्याचं कातडं, पाठीवरचं,
हिरव्यावर काळी वळणं,
दोन दिवस दुकानाला मांजरं लागली होती.

मग काम धावलं.
तांडेलाकडून रापणीचं फाटकं जाळं,
त्याच्या भोकांत नवरीच्या झग्याची उरलेली जाळी.
तेव्हा कळलं मला, दोन्हींची गाठ एकच आहे,
एकीत मासा अडकतो, एकीत नजर.
अस्तर जुन्या शिडाचं,
काजं मी उलटी केली, आतून उघडणारी,
समुद्राला बटणं दिसतात कुठे?
आणि शेवटी घेर,
तो आम्ही शिरोड्याच्या मिठागरात बुडवला,
उन्हात टाकला,
सुकला तसा कडेने मिठाचा काठ उमटला.
असा काठ कुठल्या पेठेत मिळायचा नाही.

जत्रेत रात्रीचे अडीच.
पखवाज थांबला. पुरसू मागच्या पडद्यातून आला
ते चालत नाही, सरत.
ट्यूबलाइटखाली मीठ पेटल्यासारखं झालं.
पुढे बसलेली सत्यभामा कुबल,
साठ वर्षं मासे विकलेली बाई,
काही न बोलता उठली,
लुगड्याचा घोळ घोट्यापासून वर धरला
आणि दोन पावलं मागे सरकली.

सांतानने ते बघितलं.
टाळ्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं.

पहाटे पुरसूच्या घामाने सगळा काठ विरघळला,
बाकड्यावर पांढरे डाग.
“परत बुडवूक व्हयो,” पुरसू म्हणाला.
“दर खेळाक,” सांतान म्हणाला.

आजगावचा झगा सोमवारी द्यायचा आहे.
मी त्याच्या घेरात, आतल्या बाजूला,
कुणाला दिसणार नाही अशी
एक मोडलेली चुणी टाकलीय.