चार वेळा घंटा

संचालकबाई म्हणाल्या, घराचा इतिहास हवाय,
एकशे वीस शब्दांत, दारालगतच्या पितळी पाटीवर मावेल असा.
मी लिहायला बसले.

कुताइसी, रिओनीचा उजवा तीर.
रेशमाचा व्यापारी वारलाम जोर्जिकिया, त्याने बांधलेलं घर.
नक्षीदार लाकडी सज्जा, ओदेसाहून आणलेला गवंडी,
अक्रोडाचा जिना, ज्याची एकही पायरी
दुसरीसारखी वाजत नाही.
मग एकवीस साल. वारलाम बातुमीच्या बंदरातून जहाजावर चढला
तो चढलाच.
किल्ली म्हणे शेजारणीच्या पिठाच्या डब्यात होती,
बरीच वर्षं.
किल्ली पाटीवर मावली नाही.

पुढच्या सत्तर वर्षांना मी एक ओळ दिली:
'त्यानंतर वास्तूचा निवासी वापर झाला.'
सरकारी भाषेला हे बरं जमतं,
सात बिऱ्हाडं एका क्रियापदात कोंबणं.
शेवटी पडझड, गळती, कबुतरं,
मग देणगीदार, मग चुना, मग चित्रं.
मोजले. बरोबर एकशे वीस.

मंगळवारी कुणीतरी घंटा वाजवली.
दार सताड उघडं होतं, समोर तिकीटखिडकी.
घंटा आम्ही शोभेपुरती ठेवलेली,
तिची तार अजून जिवंत आहे
हे आम्हालाच ठाऊक नव्हतं.
चार वेळा. थांबून थांबून.

काळा स्वेटर, जाळीची पिशवी, पिशवीत तीन डाळिंबं.
"आमच्याकडे यायचं तर चार," बाई म्हणाली.
"एक म्हणजे मास्तर. दोन म्हणजे शिंपीण.
सात वाजवायची वेळ वैऱ्यावर येऊ नये,
सातवं बिऱ्हाड जिन्याखाली,
आणि त्या म्हाताऱ्याला ऐकू यायचं नाही."

नाव म्झेविनार. वय जिन्याला विचारावं.
तिसऱ्या पायरीवर तिने पाय ठेवलाच नाही,
दुसरीवरून थेट चौथीवर,
गुडघ्यांना न विचारता.

चित्रं तिने पाहिली, नाही असं नाही.
एका निसर्गचित्रापुढे थांबली.
"रिओनी इतकी निळी कधीच नव्हती," म्हणाली,
"पण असू दे, शोभते."

दालन क्रमांक तीन. तिची मान वर.
छताला लोखंडी आकडा.
मी पाठ केलेलं म्हणून टाकलं:
इथे झुंबर होतं, बहुधा व्हिएन्नाचं.

"झुंबर?"
ती हसली, तोंडावर हात न धरता.
"तो आकडा माझ्या बापाने ठोकलाय, छप्पन्न साली.
आत्याचं लग्न ठरलं तेव्हा.
आकड्याला दोरी, दोरीवर चादर.
अलीकडे आम्ही पाच, पलीकडे नवं जोडपं.
तिकडचा दिवा मालवला की इकडे खोकायचं नाही.
एकदा भाऊ शिंकला.
आत्या दोन दिवस बोलली नाही कुणाशी,
तिचा नवरा मात्र
तोंड धुताना एकटाच हसत होता."

मग ती दालनाच्या मधोमध गेली,
जिथे आता काहीही नाही,
सुरक्षेची दोरीसुद्धा नाही.
"येऊ का?" म्हणाली, हळू,
आणि उलट्या हाताने काहीतरी बाजूला सारून
किंचित वाकून
पलीकडे गेली.

पाटी तोवर कोरून आलेली. पितळेत खाडाखोड होत नाही.
संचालकबाई म्हणाल्या, लोकांना झुंबर आवडतं.
खोटं नाही.
लिहिताना मलाही आवडलं होतं.

म्झेविनारने निघताना एक डाळिंब
तिकीटखिडकीत ठेवलं, दुसऱ्या कुणासाठी तरी असावं तसं.
तिकिटाची घडी घातली, तारीख आत राहील अशी,
आणि पाकिटात सारली.
भाड्याच्या पावत्याही आहेत म्हणाली,
सगळ्या, बावन्नपासूनच्या.
कुणी मागितल्या तर
असाव्यात.