चौकट

ठण्.
ठण्.
मग तो आवाज, जो कानाआधी मनगटाला कळतो:
भद्.
ओल्या पुठ्ठ्यात जावी तशी हातोडी आत गेली,
माझ्या चष्म्यावर तांबडी भुकटी सांडली.

ओनेझिम सिर वाकून बघत होता,
कानटोपी हातात धरून, दवाखान्यात थांबल्यासारखा.
"केवढं आहे?"
मी भोकात एक बोट घातलं. मग दुसरं. मग तिसरं.
मग काही बोललो नाही.

वरून पाहाल तर गाडी ठेवणीतली.
हिरवा रंग, दर रविवारी चर्चच्या आधी पुसलेला,
इंजिन चुलीपाशी झोपलेल्या मांजरीसारखं घुरघुरणारं.
दोन लाख मैल. बटाट्याची पोती, सरपण,
लेकीच्या लग्नात मागच्या हौद्यात अख्खा बँड, अकॉर्डियनसकट.
माझ्या बापाची शवपेटीही त्याच हौद्यातून गेली.

इथं नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ टाकतात,
माणसं घसरू नयेत म्हणून. त्यात चूक कुणाची म्हणायची?
पंधरा हिवाळे तिनं ते मीठ खाल्लं
आणि खाल्ल्या मिठाला जागली:
उणे तीसमध्येही पहिल्या किल्लीला सुरू.
ज्यांनी तिला घडवली
त्यांनी मात्र पोलादाला आतून रंगाचा एक हात
द्यायचा राहू दिला.
नळीच्या आत कोण बघतंय?

गॅस्पार वलेटच्या गाडीला कंपनीनं नवी चासी दिली, फुकट.
तीच गाडी, तोच कारखाना.
ओनेझिमला पत्र आलं, जाड कागदावर:
"आपले वाहन सदर योजनेच्या चौकटीत बसत नाही."
मुदत पंधरा वर्षांची.
हा पोचला त्यानंतर अकरा दिवसांनी.
ते अकरा दिवस तो बँगोरला होता, डेल्फिनच्या खाटेशी.
गंजाला तारीख कुणी सांगितली होती का,
एवढंच त्यानं काउंटरवरच्या पोराला विचारलं.
पोरगं बिचारं कॉम्प्युटरकडे बघत राहिलं.

"स्टिकर लाव, क्लोविस," तो मला म्हणाला,
"कचरा डेपो आणि चर्च. तेवढंच तर जातो."
मी मान हलवली.
बापाची पेटी आठवली, तरी हलवली.

पडलेला तुकडा त्यानं मागून घेतला.
पोस्टात वजन केलं, पाच औंस.
वर लिहिलं, 'तुमचं तुम्हाला परत',
आणि कंपनीच्या पत्त्यावर धाडला.
पाच आठवड्यांनी उत्तर:
"सदर भाग आमच्याच उत्पादनाचा आहे याची खात्री करता येत नाही."
खरंच असेल.
त्यात आता पोलाद कुठं उरलं होतं.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.
दर ऑक्टोबरात पंचेचाळीस डॉलर घेऊन
तिच्या पोटाला काळा डांबरी लेप मीच मारायचो.
नव्यासारखं दिसायचं.
त्या लेपाआड पाणी कोंडतं
हे मला आठव्या वर्षीच कळलं होतं.
पुढंही मारत राहिलो.
गिऱ्हाईक खूश होतं, माझंही घर चालत होतं.
कारखान्यातल्या माणसानंही
बहुधा असंच काहीतरी म्हटलं असेल, घरी जेवताना.

गाडी आता कोठारामागं उभी.
संध्याकाळी तो दार उघडून आत बसतो,
रेडिओवर बटाट्याचे भाव ऐकतो.
काल मी गेलो. पाकिटात तीनशे पंधरा डॉलर,
सात वर्षांचा हिशेब.
सगळं सांगितलं, काचेतून, त्याच्याकडे न बघता.
त्यानं पैसे मोजले नाहीत. पाकीट डॅशवर ठेवलं,
शेजारच्या सीटवरचा पेपर उचलला.
"बस," म्हणाला, "भाव लागलेत."

मी बसलो.
खाली काहीतरी करकरलं.
गाडी इंचभर खचली,
मग थांबली.