तीन मिनिटं झाली

बावीस वर्षं मी इंदूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये होते.
डाव्या कानावर हेडफोन, बोटांत प्लग,
आणि तोंडात एकच वाक्य, दिवसातून दोनशे वेळा:
तीन मिनट हो गए, बढ़ाऊँ?
लोक म्हणायचे, नको.
नको म्हणताना त्यांचा आवाज कसा होतो
ते मला अजून पाठ आहे.
डावा कान त्यातच गेला.

आता दर गुरुवारी दुपारी पाळक रणपिसे
मला स्कूटरवरून कान्हच्या काठी सोडतात.
(नदीच म्हणायचं. नाला म्हटलं की वस्ती दुखावते.)
पिशवीत शिधा: कणीक, तूरडाळ, दोन साबण.
आणि एक रजिस्टर. चार रकाने:
नाव. माणसं किती. शिधा दिला. प्रार्थना केली.
आत बसायला एकच स्टूल असतं,
ते मला देतात, आणि मी घेते.
याची लाज वाटायलाही मला वर्ष लागलं.

गेंदाबाईच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा
ती मुकेशचं सांगत होती,
पीथमपूरच्या प्रेसमध्ये त्याची दोन बोटं कशी गेली ते.
मला वाटलं, झालं सांगून.
मी डोळे मिटले. प्रभू, या भगिनीला...
तिनं माझं मनगट धरलं.
"अबी आमीन मत बोलो बाई,
म्हारी बात अधूरी है."

मी डोळे उघडले.
उरलेली गोष्ट दुःखाची नव्हतीच.
ती कचऱ्याची होती.
तीस वर्षं तिनं स्नेहलतागंजचा कचरा वेचला.
कुणाच्या घरी ताप आहे, कुणाचं लग्न ठरलंय,
कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई कधीपासून
एकट्याच जेवायला लागल्या,
सगळं तिला पिशवी उघडली की कळायचं.
आता सकाळी गाणं वाजवत पिवळी गाडी येते.
शहर चकाचक, शहराचा पहिला नंबर,
आणि रस्त्यावर तिच्यासाठी एक रिकामी बाटलीही नाही.
"पेलां शहर म्हारे से बोलता था," ती म्हणाली,
"अब गाड़ी से बोलता है."
आणि हसली. मला हसावं की नाही कळेना.

त्या रात्री मला तो माणूस आठवला.
गिरणीला टाळं लागलं त्या आठवड्यात
त्यानं बांद्याला कॉल लावून मागितला होता.
लाइन लागली, आणि तो बोललाच नाही.
पलीकडून कुणी बाई म्हणत होती,
सुन रही हूँ. बोलो. सुन रही हूँ.
मी वेळ सांगितली.
त्यानं नको असंही म्हटलं नाही.
मी प्लग काढला.
नियम होता. मी चुकले नव्हते.

रस्त्याकडेच्या आंधळ्याला त्यानं विचारलं होतं,
तुला काय हवं?
लहानपणी रविवारच्या शाळेत मला हसू यायचं,
आंधळ्याला आणखी काय हवं असणार!
आता वाटतं, बरं होणं नंतरचं.
आधी तो थांबला.
एवढी गर्दी, सगळे त्या भिकाऱ्याला गप्प करतायत,
आणि हा उभा राहून उत्तराची वाट बघतोय,
जणू त्याला खरंच ठाऊक नाही.

रजिस्टरचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.
प्रार्थनेच्या रकान्यात मी हल्ली "ऐकलं" लिहिते.
रणपिसे वाचतात, चष्मा पुसतात,
एकदा म्हणाले, हेमलताबाई, वर पाठवायचं असतं हे.
मी म्हटलं, वरच पाठवा.

शिधा पुरत नाही. ते खरंच आहे.
ऐकून मुकेशची बोटं उगवली नाहीत,
आणि डाळीऐवजी कान पुढे करणाऱ्यांचा
मलाही राग येतो.
म्हणून डाळ आधी. मग स्टूल बाजूला. मग जमिनीवर.

आज गेंदाबाई न सांगता
माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.
मी तिला कानाचं कधी बोलले नव्हते.
बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजतोय.
ती सुनेच्या माहेरच्या विहिरीपर्यंत आलीय,
विहिरीत काहीतरी पडलंय,
काय, ते अजून सांगायचंय.
हॉर्न पुन्हा वाजतो.