लोडवर

शिंगाडा तलावावरून इलियास आला.
स्कूटीच्या पायाशी मीटर, दोन वायरी,
कुठल्याशा मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब.
खुर्चीची सीट उचलली. खाली माझ्या दोन बॅटऱ्या,
काळ्या, खांद्याला खांदा लावून,
आणि टर्मिनलवर पांढरा बुरा,
लोणच्याच्या बरणीच्या काठाशी मीठ साचतं तसा.

लाल वायर इथं, काळी तिथं.
बारा पॉइंट सात.
दुसरी, बारा पॉइंट सहा.

"भारी की," आई दारातून म्हणाली.
मी पलंगावर. खुर्ची आमच्या दोघींच्या मध्ये, उघडी,
दवाखान्यात मी असते तशी.

"मावशी, हे बसल्या जागचं झालं," इलियास म्हणाला.
"बसल्या जागी सगळ्याच बारा पॉइंट सात दाखवतात."

मी गप्प.
दळण आणायला जाताना खिडकीशी थांबून
"कशी आहेस गं" विचारणाऱ्यांना
मी इतकी वर्षं हाच आकडा सांगत आलेय.

मग त्यानं बल्ब जोडला.
भर दुपारी रामवाडीतल्या आमच्या खोलीत
समोरून ट्रक यावा तशी भिंत उजळली,
कॅलेंडर, आईची चष्म्याची खुंटी, पोपडा.
पहिलीनं धरलं. अकरा पॉइंट नऊ, आणि तिथंच.
दुसरी उतरू लागली
कठड्याला धरून बाई जिना उतरते तशी,
अकरा, दहा पॉइंट चार,
जरा थांबून
नऊ पॉइंट आठ.
उजेड पिवळा, मग वांगीसारखा नुसता भाजका.

"ही गेलीय कधीचीच. कळू देत नाही एवढंच."

"मग तेवढी एक बदल."
"नाही चालत मावशी. जुनीच्या जोडीला नवी लावली
की जुनी तिला ओढते. सहा महिन्यांत दोन्ही सारख्या.
बदलायच्या तर जोडीनं."

आई चौऱ्याहत्तरची.
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत,
सव्वीस वर्षं.
मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे.
"मग बदल दोघींना," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघी का हसतोय
ते त्या पोराला कळेना.

जोडीचे सोळा हजार. म्हणजे दिवाळीनंतर.

तोवर आहे त्यात किती जाता येतं ते बघायला
पहाटे साडेपाचला एकटी निघाले.
पुलावर सपाट, पाचही दिवे हिरवे,
खाली गोदावरीचा वास, थोडा साबणाचा, थोडा शेवाळाचा.
अशोकस्तंभाच्या चढाला लागले
आणि दिवे गळायला लागले,
चार, तीन, पिवळा,
मोटरचा आवाज कुंथल्यासारखा.
घरपुरे घाटाच्या वळणावर थांबले. दूधवाला म्हणाला, ढकलू का?
नको म्हटलं. टेस्ट चाललीय.
कोणाची, ते त्यानं विचारलं नाही.

पाच मिनिटं नुसती उभी राहिले
(मी उभी राहिले असंच म्हणते, भाषा माझीही आहे),
तर दिवे परत चार.
विसावा मिळाला की बॅटरीही खोटं बोलते.

खांब मोजत, वहीत लिहीत, परत आले.
हिशेब: साडेपाच किलोमीटर. चढ धरला तर पाच.
हेमांगीचं घर मखमलाबादला,
चार जायचे, चार यायचे.
अकरा वर्षं मी तिला सांगतेय, येईन गं कधीतरी.

वही बंद केली. परत उघडली.
आठ भागिले दोन.

सात वाजता फोन लावला.
"अगं, एवढ्या सकाळी? काय झालं? आई बरीय ना?"
"बरीय. तुझ्या ओट्यावर प्लग आहे का?"
"काय?"
"प्लग. चालू असलेला."
"द्राक्षाच्या फवारणीचा आहे की. का?"
"मी येतेय. परत यायला मला चार्ज करावं लागेल."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मागे तिच्याकडची कोंबडी, भांडी, कुणीतरी नळ सोडलेला.
मग म्हणाली, "चार-पाच तास बसावं लागेल मग तुला इथं."

म्हटलं, बसणं मला जमतं.