ऐकायची दांडी

अप्पा पाणीखात्यात चावीवाले होते. छत्तीस वर्षं.
पहाटे साडेतीनला खांद्यावर लोखंडी चावी टाकून
माझगावच्या टेकडीवरून उतरायचे,
रस्त्यातलं झाकण उचलायचे
आणि साडेबावीस फेरे मोजून
एका गल्लीला पाणी द्यायचे.
तेविसावा मारला की चढावरच्या इमारती कोरड्या.

हे फेरे कुठेही लिहिलेले नव्हते.

त्यामुळे नायरमधल्या डॉक्टरीणबाईंनी
केसपेपरच्या पाठीवर नळी काढली, नळीत ठिपके काढले,
तेव्हा अप्पांनी पेन मागून घेतलं.
"नळी अशी गुळगुळीत राहत नाही, बाई.
आतून गंज धरतो. खडबडीत होते.
मग साधा कचरासुद्धा तिथे अडकतो,
त्याला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा."
बाई हसल्या. "अगदी हेच.
फक्त गंजाच्या जागी साखर."

"साखर?" अप्पा म्हणाले.
"ती तर विरघळते."

चौदा वर्षं विरघळत होती.
कटिंगमध्ये. उसाच्या रसात.
सोसायटीच्या सेक्रेटरीने पुढे केलेल्या पेढ्यात,
पाणी आलं म्हणून एक,
नाही आलं तर यावं म्हणून एक.
नको कसं म्हणणार? पैसे घेतले असते तर ती लाच.
हे तर गोड होतं.

तळपाय कधीचेच बधिर.
डावी पोटरी सुजली तेही त्यांना कळलं नाही,
चप्पल जाईना
तर त्यांनी चप्पल बदलली.

गुठळी, हा शब्द ऐकून आईने मात्र मान हलवली.
वॉर्डातल्या सगळ्यांत तिला एकटीलाच तो आधीपासून माहीत होता.
पिठलं घोटताना दारात कुणीही येवो,
तिने हात थांबवलेला नाही कधी.
"थांबलं की धरतेच," ती म्हणाली.
"आणि हे रिटायर झाल्यापासून खुर्चीत."
मग पदराने डोळे पुसले नाहीत,
चष्मा पुसला.

पोटात इंजेक्शनं झाली. आता गोळी, रक्त पातळ करायची.
दाढीचा ओरखडा टॉवेल भिजवतो.
फार दाट नको, फार पातळ नको,
दर पंधरवड्याला मोजायचं, गोळी अर्धी करायची किंवा पाऊण.
अप्पांना यात काहीच नवीन नाही.
"साडेबावीस," ते म्हणतात आणि पाणी पितात.

खात्याने चावी परत घेतली होती,
ऐकायची दांडी मागायची राहून गेली.
हातभर लोखंड, एका टोकाला वाटीसारखा कान.
रात्री रहदारी निवली की ती रस्त्यावर टेकवायची
आणि खाली कुठे गळतंय, कुठे तुंबलंय
ते डांबराच्या वरून ऐकायचं.

काल मी तीनला उठले तर
अप्पा पलंगाच्या कडेला, वाकलेले,
दांडी स्वतःच्या पोटरीवर, कान वाटीला.
"येतंय ऐकू?"
"स्वतःची लाईन कुणाला ऐकू येत नाही," ते म्हणाले.
"तू बस. पाय पुढे कर."

मी एकोणचाळीस. फोर्टात विम्याच्या काउंटरवर
नऊ तास खुर्चीत असते.
पर्समध्ये मंगळवारचा रिपोर्ट आहे,
उपाशीपोटी एकशे एकेचाळीस,
चार घड्या घातलेला. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

लोखंड गार होतं.
अप्पांनी डोळे मिटले, भुवया जवळ आणल्या,
लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते
तेव्हा डॉकयार्ड रोडच्या कोपऱ्यावर असेच दिसले होते,
गुडघ्यावर, कुणालाही न दिसणाऱ्या पाण्याला कान लावून.

तेवढ्यात खाली इमारतीचा पंप सुरू झाला.
"थांब," ते म्हणाले, "आवाज मिसळतोय."

पंप बंद होईपर्यंत
त्यांनी दांडी हलवली नाही,
मी पाय.