लागू नाही

विक्रोळी, रात्रीचे पावणेदोन.
ॲरे तसा जुना माणूस:
आठ खण, शून्य ते सात.
पाचव्यात काय, विचारलं
की हात घालून काढून देतो.
बाकी काही येत नाही त्याला.

नव्या लायब्ररीची अट:
आत यायचं तर संग्रहाचा करार पाळा.
मोजता यावं, शोधता यावं,
एकेक करत पुढे जाता यावं,
वाढवता यावं, वगळता यावं.

मोजणं दिलं. ते त्याच्या हाडातच होतं.
शोधणं म्हणजे पहिल्यापासून चाळत जायचं, तेही दिलं.
'वाढवा'पाशी अडले.

खाली भिवगडेंच्या केबिनमध्ये किल्ल्यांचा बोर्ड आहे,
चोवीस खिळे.
पंचविसावी किल्ली आली तर ते परत करतात,
दुसरीच्या गळ्यात अडकवत नाहीत.
मी तेच लिहिलं:
वाढवा म्हटलं की नकार फेक.

कंपायलर गप्प बसला.
त्याला रकाना भरलेला हवा,
आत हो आहे की नाही
ते धावताना कळेल ज्याचं त्याला.

दुपारी बँकेत
पतीच्या नावापुढे मी 'लागू नाही' लिहिलं होतं.
काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
थोडं जास्तच पाहिलं,
आणि शिक्का मारला.