वाटीचं पाणी

आठवड्यातून दोनदा मी टँकर घेऊन खोशाबला जातो.
खोश-आब. गोड पाण्याचं गाव.
पाटीवरचं नाव अजून कुणी खोडलेलं नाही.

यझ्दपासून दोन तास. शेवटच्या वळणानंतर
मातीच्या गोल वारुळांची रांग लागते, डोंगरापर्यंत,
आणि त्यांच्या खाली कनात:
कुणाच्या तरी खापरपणजोबांनी बसून, सरपटत
कोरत आणलेली अंधारातली नदी.
आता वरून दगड टाकला
तर दगडाचाच आवाज येतो.

माझे वडील तिथले मीराब.
म्हणजे ज्याच्या मालकीचं थेंबभरही नाही
पण ज्याच्या शब्दावर पाणी वळतं, तो.
त्यांच्याकडे तांब्याची एक वाटी, बुडाला सुईएवढं भोक.
भरल्या हंड्यात ती अलगद सोडायची.
ती आतून भरत जाते, जड होते, बुडते.
टण्.
एक वाटी वेळ झाला.
इमामकुलीच्या डाळिंबांना नऊ वाट्या.
हमामला चार.
गुलअंदामच्या गव्हाला अडीच,
आणि अडीच म्हणजे आतल्या कोरलेल्या रेघेपर्यंत,
वर केसभर नाही.
सोयरीक जमवताना लोक जमीन विचारत नसत,
किती वाट्या, ते विचारत.

मग खालच्या अंगाला पिस्त्यांच्या बागा झाल्या.
पहिली बोअर साठ मीटर.
नंतर एकशेवीस. नंतर तीनशे,
आणि तिथून वर आलं ते जिभेला झोंबणारं.
बागवाला शहबाझी वाईट माणूस नाही.
बहिणीच्या लग्नात त्याने दोन पोती पिस्ते पाठवले होते.
आज त्याचीही झाडं उभ्या उभ्या
राखेच्या रंगाची झालीत.

उस्ता मुराद कनातीत शेवटचा उतरला
तो पांढरे कपडे घालून.
खाली जाणारे पांढरंच घालतात.
कफनाचा खर्च वाचतो, असं तो हसून सांगायचा.
दुपारी दोराने वर ओढला
तेव्हा कपडे होते तसेच पांढरे.
कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर टँकर. त्यानंतर डबे.
निळे, पिवळे, तेलाचे, औषधफवारणीचे.
परवा रांगेत इमामकुलीच्या सुनेने
उस्ताच्या पोराचा डबा लाथाडला.
चार थेंब सांडले, चाळीस वर्षांचं निघालं.
मी नळी हातात धरून उभा, मला काय कळणार.

तेवढ्यात म्हातारा आला. बगलेत हंडा, मुठीत वाटी.
बसला टँकरच्या सावलीत
आणि म्हणाला, मोजायचं तर आधी हंडा भरावा लागेल.
कोण देतं?

सगळे आपापल्या डब्यांकडे बघायला लागले.
मोजण्यापुरतंही पाणी
कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

गुलअंदाम पुढे झाली. दोन डबे होते तिचे.
एक तिने ओतला हंड्यात, आवाज न करता.
मग टण्.
मग पुढचा. टण्.
ऐंशी घरं, ऐंशी वेळा वाटी बुडाली,
आणि तासाभरात एकही आवाज चढला नाही.

शेवटी वडिलांनी हंडा तिच्या डब्यात उपडा केला.
डबा भरला नाही. दोन बोटं कमी.
त्यांनी आभाळाकडे एकदा पाहिलं,
वाटेकऱ्याकडे पाहावं तसं,
आणि वहीत तिच्या नावावर दोन बोटं जमा लिहिली.
कुठून फेडणार, ते लिहिलं नाही.

मी नळी गुंडाळत होतो.
जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं,
तू हे भरतोस कुठे?

सांगितलं. मेहराबाद, मशिदीमागची बोअर.
तिथेही हल्ली पहाटेपासून रांग असते.

ते वाटीचं भोक अंगठ्याने पुसत राहिले बराच वेळ.

आणि तिथे, म्हणाले,
तिथे मीराब कोण आहे?

मी इंजिन सुरू केलं.